फाटकावरचा कडुनिंब

आजारपणावर लिही, लोकांना धीर येईल, असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. लिहायला बसलं की धीराचं काही आठवतच नाही. आठवतो तो संताप. कॅन्सरचा होताच, पण त्याहून जास्त केळ्यांच्या फण्यांचा, ग्लुकोज बिस्किटांचा आणि न विचारता थेट पलंगाशी येऊन बसणाऱ्या गोतावळ्याचा. तेव्हा तेच लिहिते. त्यातून कुणाला धीर मिळाला तर त्याने तो खुशाल घ्यावा.

मी वर्ध्यात जीवरसायनशास्त्र शिकवायचे. घर बोरगाव मेघेला. घरात मी, नवरा दिलीप आणि सासूबाई. दिलीपचं वर्ध्याच्या बाजारात कापडाचं दुकान. मूळ घर हिंगणघाटचं, तिथे त्याची मोठी बहीण शकूताई आणि बाकी सगळं व्यापारी खटलं. सासूबाईंचं माहेर सिंदी रेल्वेजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. त्या शाळेत फारशा गेल्या नाहीत, पण माणसांचा हिशेब त्यांना चोख कळायचा.

माझं संशोधन पेशींच्या म्हातारपणावर. साध्या पेशीला थांबायचं कळतं. काही वेळा दुभंगली की ती म्हातारी होते आणि गप बसते. कॅन्सरच्या पेशीला थांबणं माहीत नसतं. मी बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवायचे आणि त्यांना औषधाचा हलका डोस द्यायचे. काही मरायच्या. काही मरायच्या नाहीत, नुसत्या म्हाताऱ्या होऊन थांबायच्या. या थांबलेल्यांचं पुढे काय होतं, एवढाच माझा प्रश्न. पुढचा डोस वेळेवर पडला तर ठीक. लांबला, तर थांबलेल्यांतल्या काही जाग्या व्हायच्या आणि पुन्हा वाढू लागायच्या. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं, तेही लोडशेडिंगशी भांडत, कारण वीज गेली की माझी आठवड्यांची मेहनत बशीतच मरायची.

बशी म्हणजे माणूस नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी बजावायचे. स्वतःला मात्र ते पटवता आलं नाही.

सर, जरा बाहेर येता का

नव्याण्णव सालचा जानेवारी. डाव्या स्तनातली गाठ काढून तपासायला दिली होती. नागपूरच्या दवाखान्यातला डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. रिपोर्ट हातात घेऊन आला, माझ्याकडे बघून हसला आणि दिलीपला म्हणाला, “सर, जरा बाहेर येता का?”

दिलीप कापड विकतो. त्याला पेशी म्हणजे काय हे लग्नानंतर मी सांगितलं, आणि तेही त्याने अर्धंच ऐकलं. तो बाहेर गेला, आणि मी खोलीत औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत बसले. आत आला तेव्हा त्याचा चेहराच सगळं सांगत होता, पण तोंडाने म्हणाला, काही नाही, थोडी सूज आहे, औषध घ्यावं लागेल. आमच्याकडे पेशंटला कधी सांगत नाहीत. आधी घरच्या पुरुषाला सांगायचं, मग त्याने ठरवायचं की बाईला किती झेपेल.

मी उठून त्या डॉक्टरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, अरे, मला स्लाइड दाखव. तो गडबडला. मॅडम, तुम्ही आराम करा, म्हणाला. मी म्हटलं, दुभंगणारी पेशी ओळखायला तुला मी शिकवलंय की तू मला? मग त्याने मुकाट्याने सूक्ष्मदर्शक पुढे केला.

मी डोळा लावला. ज्या पेशी मी इतकी वर्षं जपून वाढवल्या, वीज गेली की ज्यांच्यासाठी मी रडकुंडीला यायचे, त्याच तिथे मजेत होत्या. फक्त या वेळी त्यांना बशीची गरज नव्हती. मला भोवळ आली, पण मी टेबल धरून उभी राहिले, कारण पडले असते तर तो पुन्हा दिलीपलाच बाहेर घेऊन गेला असता.

भेटायला

बातमी आमच्या गाडीच्या आधी वर्ध्यात पोचली. कॅन्सरवर काम करते अन् तिलेच कॅन्सर झाला, हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी मीच म्हणून दाखवू लागले. शेजारच्या एक बाई तर ठामपणे सांगत होत्या की मला ते प्रयोगशाळेतल्या बशांमधूनच लागलं. काही जण हळूच विचारायचे की मॅडम, तुम्हाला तर औषध माहीत असेल, मग दवाखान्यात कशाला जाता? यांना काय सांगायचं? माझं काम औषध शोधायचं नव्हतंच, औषधानंतर काय उरतं ते बघायचं होतं.

ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी एक, असे सहा डोस ठरले. त्यात एक औषध लालभडक. हेच मी बशीत थेंबाथेंबाने टाकायचे, तेही हातमोजे घालून. आता नर्स ते सिरिंजभर माझ्या नसेत सोडत होती आणि शेजारच्या बाईला विचारत होती की तुमच्याकडे तूर झाली का. लघवी लाल झाली. तोंडभर फोड आले, आणि केस उशीवर राहू लागले. पण यातलं काहीच अनपेक्षित नव्हतं, म्हणून मला त्याचा तितका राग आला नाही.

राग आला तो घरी. डोसानंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली जातात. तेव्हा साधी सर्दीसुद्धा महागात पडते. गर्दी टाळा, डॉक्टरने सांगितलं होतं. टाळणार कशी? आमच्याकडे कुणी दुखण्याने पडलं आणि तुम्ही भेटायला गेला नाहीत, तर ते तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत काढलं जातं. हिंगणघाटहून जीप भरून माणसं आली. सिंदीकडून आली. दिलीपच्या दुकानाची जुनी गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाच्या हातात केळी किंवा संत्री, आणि प्रत्येकाबरोबर एक तरी नाक वाहणारं पोरगं. माझ्या पलंगाच्या कडेला बसून, माझा हात हातात घेऊन, त्यांच्या ओळखीतलं कोण कोण कॅन्सरने गेलं हे मला सविस्तर सांगत. एका काकांनी तर शेवटच्या दिवसांत त्यांच्या साडूला कसा वास यायचा, तेही सांगितलं.

दिलीपने फाटकावर पाटी लावली: डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णास भेटू नये. लोक ती पाटी वाचत, मान डोलावत आणि आत येत. हे बाहेरच्यांसाठी आहे, आपण तर घरचे, असा हिशेब.

दुसऱ्या डोसानंतर व्हायचं तेच झालं. हुडहुडी भरून ताप आला. रात्रीच नागपूरला नेलं आणि भरती केलं. पहाटे सुई, मग रिपोर्टची वाट, दुपारी पुन्हा सुई, पुन्हा वाट. ताप उतरला, पण पेशी काही वर येईनात. तिसऱ्या डोसाची तारीख आली तेव्हा डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाला, “मॅडम, डोस पुढे ढकलावा लागेल.”

आठवडाभर पुढे, म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे बशा आल्या, उशिरा डोस दिलेल्या. मी त्याला म्हटलं, अरे, लांबलं की जाग्या होतात त्या. तो शांतपणे म्हणाला की आता दिला तर तुम्हीच राहणार नाही. दोघंही खरं बोलत होतो, आणि त्यामुळेच मला इतकं असहाय वाटलं. मी तोंडावर चादर ओढून रडले.

शकूताई

घरी आले, आणि तापाची चौकशी करायला आणखी माणसं आली. आधी जे भेटून गेले होते त्यांना आता पुन्हा यायला कारण मिळालं होतं.

शकूताई दोन जावांना आणि खोकणाऱ्या नातवाला घेऊन आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, तुह्या अभ्यासापायीच झालं हे, बाईनं इतका ताण घेऊ नये. नातू माझ्या पलंगावर चढला आणि माझ्या तोंडावर खोकला.

माझा तोल सुटला. मी ओरडले की चला, उठा सगळे, माझा जीव घ्यायला आलात का? आजवर शकूताईंपुढे मी आवाज चढवला नव्हता. त्या पांढऱ्याफटक पडल्या. केळी तिथेच ठेवून, पाणीही न पिता निघून गेल्या. नातू रडत होता, जावा एकमेकींकडे बघत होत्या.

दिलीप संध्याकाळी म्हणाला, थोडं गोड बोलली असतीस. मी म्हटलं, तूच बोल ना गोड, तुझीच बहीण आहे. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. सासूबाई कुणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात बसून डोळे पुसत होत्या, एवढं मला दिसलं. मला त्यांचाही राग आला. सासू म्हणून या घराच्या दारावर त्यांचाच अधिकार होता, आणि त्या एकालाही परत पाठवू शकत नव्हत्या. लांबलेला तिसरा डोस कसाबसा झाला. पुढचा वेळेवर व्हायचा असेल तर हे दार बंद व्हायलाच हवं होतं, आणि ते बंद करणारं घरात कुणी नव्हतं.

देवी

डोसानंतरचा तो वाईट आठवडा सुरू झाला. मी कानात प्राण आणून फाटकाच्या कडीची वाट बघत पडले होते. कडी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना लक्षात आलं की वरणाला फोडणी नाही. नुसतं वरण, दहीभात, थंड ताक. सोलून निघालेल्या तोंडाला ते इतकं बरं वाटत होतं की मी कारण विचारलंच नव्हतं.

मी भिंत धरत बाहेर गेले. फाटकाला दोन्ही बाजूंनी कडुनिंबाचे डहाळे बांधले होते, आणि उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या होता.

आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. घरात माता आली, म्हणजे कांजिण्या. देवी अंगात आहे, तोवर त्या घरात बाहेरच्याने पाऊल टाकायचं नाही. घरात फोडणी नाही, तळण नाही, भांडण नाही. उन्हाळा तोंडावर आलेला, कांजिण्यांचे दिवसच ते. दवाखान्याची पाटी ओलांडून येणारा अख्खा वर्धा जिल्हा त्या चार डहाळ्यांपाशी थबकला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं मी वर्गात घसा फोडून सांगत आले की हा विषाणू आहे, देवी नव्हे. त्यात माझ्या त्या अवस्थेत खऱ्या कांजिण्या झाल्या असत्या तर मी खात्रीने मेले असते. आणि माझ्याच फाटकावर हे. मी सासूबाईंना म्हटलं, आई, हे आत्ताच्या आत्ता काढा. कॉलेजातलं कुणी बघितलं तर मी तोंड कुठे लपवू?

त्या मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “डोस टायमावर पायजे का नाई तुले?”

मी खोलीत जाऊन पडले. घरात अशी शांतता होती की मला गाढ झोप लागली.

चौथा डोस वेळेवर झाला.

तोवर मला आलेली माता ओसरायला हवी होती, ती ओसरली, आणि डोसानंतर लगेच सासूबाईंना आली. त्या आठवडाभर तोंडावर पदर घेऊन आत बसल्या. पाचव्याच्या वेळी दिलीपला आली. तो आधी कबूल होईना, ऐन लग्नसराईत दुकान सोडून बसू कसा म्हणाला. सासूबाईंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो दुकान नोकरांवर टाकून आठ दिवस घरात वर्तमानपत्र वाचत बसला, आणि माझ्याशी पत्ते खेळता खेळता पुन्हा बोलायला लागला. एका वर्षात एकाच घरात तिघांना, तेही इतक्या मोठ्या माणसांना, याचं कुणाला नवल कसं वाटलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. उलट कडक देवी आहे म्हणून लोक रस्त्यानेच हात जोडून जायचे.

माझी माता चालू असताना शकूताई एकदा आल्या. फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, दह्याचा डबा खाली ठेवला. मी खिडकीत होते. माझ्यावर रुसून गेलेली ही बाई रस्त्यावर चपला काढून मला नमस्कार करत होती. मला हसू आलं, आणि मग लाजही वाटली. मी हात हलवला, तसा त्यांनी पुन्हा नमस्कार केला.

सहाव्या डोसाच्या वेळी डहाळे बांधावे लागले नाहीत. लोकांची येण्याची सवय मोडली होती.

सिंदीला

सगळं संपलं आणि माझ्या डोक्यावर खुरटे केस आले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मले सिंदीले ने. मला वाटलं, माहेर आठवलं असेल. पॅसेंजरने गेलो. बरोबर त्यांनी दहीभात, खण आणि नारळ घेतला होता. स्टेशनवरून रिक्षाने त्यांच्या गावाला, पण माहेरच्या घरी न थांबता गावाबाहेर मातामायपाशी, म्हणजे या देवीच्या ठाण्यापाशी. झाडाखाली शेंदूर लावलेले दगड, बाकी काही नाही.

मी झाडाच्या सावलीत बाजूला उभी राहिले. मनात म्हटलं, नाटकाचा शेवटचा अंक आहे, होऊ दे त्यांच्या मनासारखं. सासूबाईंनी दहीभात ठेवला, गुडघे टेकले आणि अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागल्या.

“माय, तू आली नवती, अन् मी लोकायले सांगतलं का तू आली. तुयं नाव मी खोटं घेतलं. हिनं मले कराले लावलं नाई, पोरानंबी नाई. एकटीनं केलं मी. जे काई द्याचं असन ते मले देजो. हिच्याकडे पाहू नको.”

इतके महिने मी समजत होते की ती एक युक्ती आहे, फार हुशार युक्ती. त्यांच्यासाठी ती युक्ती नव्हतीच. त्या देवीला मानत होत्या. मानत होत्या म्हणूनच त्यांनी काय केलं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही केलं होतं.

त्या उठल्यावर मी म्हटलं, आई, असं काही नसतं हो, देवी शिक्षा वगैरे देत नाही. माझा आवाज चढला, कारण मला रडू येत होतं.

त्यांनी पदराने हात पुसले. “तुह्या पेशीतलं तुले समजते. यातलं मले समजते. चाल, गाडीची वेळ झाली.”

अजून

या गोष्टीला आता सात वर्षं होत आली. मी पुन्हा शिकवते, पुन्हा बशा वाढवते, लोडशेडिंग तर पूर्वीपेक्षा वाढलं आहे. तिसरा डोस लांबल्याने माझ्या आत काही जागं झालं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. ज्यांचे उपचार आत्ता चालू आहेत त्यांना एवढंच सांगते की दार बंद करा. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

सासूबाईंचे गुडघे गेले. मी गोळ्या आणल्या, त्या घेतल्यासारखं करायच्या आणि तुळशीच्या कुंडीत टाकायच्या. मग मोतीबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांना. साधं ऑपरेशन, वर्ध्यात रोज होतात. मी तारीख घेतली की त्यांना त्या दिवशी ताप यायचा, नाहीतर कुणाचं तरी बारसं निघायचं. त्या नुसत्याच चालढकल करतात असं मी समजत होते. पण प्रत्येक नव्या दुखण्यात त्यांचा चेहरा उजळायचा, हे हळूहळू लक्षात येत गेलं. कंबर धरली तर म्हणायच्या, येऊ दे, माह्या वाट्याचं हाये.

माझी पाच वर्षांची तपासणी चांगली आली त्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन थेट त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, आई, हे बघा, पाच वर्षं पूर्ण. डॉक्टरच म्हणतात की आता मोठी काळजी नाही. तुमची देवी आता विसरली असेल सगळं. मोतीबिंदू म्हातारपणी सगळ्यांनाच होतो, ती काही शिक्षा नाही. म्हातारपण हा माझा विषय आहे, निदान एवढं तरी माझं ऐका. उद्या जाऊ डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

त्यांनी हात पुढे केला, माझा चेहरा चाचपला आणि केसांवरून हात फिरवला.

“तू बरी हायेस नं?”

मी हो म्हटलं.

“मंग मी कबूल केलेलं काऊन मोडू?”

त्यावर दोन वर्षं मी भांडते आहे. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून झालेलं नाही.